कोरा काढलात का?

लखनौत दगड मिळत नाही. म्हणजे दुकानात संगमरवर वगैरे मिळतो, पण रस्त्यात सहज वाकून उचलावा असा दगड तिथे नाही. नद्यांनी आणून टाकलेल्या गाळावर अख्खं शहर बसलेलं. आणि आमचे सर साताऱ्याकडचे, मागच्या दारात काळा कातळ बघत वाढलेले. रोज एकदा तरी म्हणायचे, "काय हे गाव! कुत्रं अंगावर आलं तर हाणायला दगड नाही." अशा गावातल्या संस्थेत या गृहस्थाने उभा जन्म काळ्या दगडाच्या अभ्यासात घालवला. दगड सह्याद्रीतला, तपासणी लखनौत. सुट्टीहून परत येताना ते चारबाग स्टेशनवर उतरले, की हमाल त्यांची ट्रंक डोक्यावर घ्यायला जायचे आणि वीतभर उचलून परत खाली ठेवायचे.

"बाबूजी, इसमें है क्या?"

"पत्थर."

हमालांना वाटायचं, म्हातारा चेष्टा करतोय.

माझ्या नवऱ्याची बँकेतून लखनौला बदली झाली तेव्हा सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी अमरावतीची, रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलेली. घरात बसून बसून जीव विटला, म्हणून संस्थेत चौकशीला गेले. मार्कांचे कागद सरांनी बाजूला सारले आणि म्हणाले, "हात बघू." मला वाटलं, हे ज्योतिषही बघतात की काय! त्यांनी माझी नखं बघितली, अंगठी बघितली, बांगड्या बघितल्या. मग डोळ्यांकडे बघून विचारलं, "काजळ घरचं की बाजारचं?"

"घरचं."

"ठीक. तरी आत नको. सुरमा तर मुळीच नको. बांगड्या, अंगठी बाहेर ठेवायच्या, मंगळसूत्र पदराच्या आत. उद्या या."

झाली माझी मुलाखत. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, तर म्हणाला, "नोकरीला ठेवलंय की ऑपरेशनला नेणार आहेत?"

आता काम काय होतं ते सांगते. घाबरू नका, सोपं आहे. सह्याद्रीचा काळा दगड म्हणजे कधीकाळी जमिनीच्या पोटातून वर आलेला लाव्हा. तो खोलातून थेट वर आला, की येताना वाटेतला फार जुना खडक वितळवून पोटात घालून आला, हा सरांचा प्रश्न. नुसतं बघून ते कळत नाही. पण त्या दगडात अगदी कणभर शिसं असतं. शिशाचे अणू सगळे एका वजनाचे नसतात, हलके-जड असे प्रकार असतात. आणि कुठला प्रकार किती आहे, यावरून ते शिसं मूळचं कुठलं ते ओळखता येतं. खोलातल्या शिशाचं प्रमाण वेगळं, जुन्या खडकातल्याचं वेगळं. सर मला म्हणाले होते, "आमटीत डाळ, पाणी, मीठ सगळ्यांचं सारखंच हो. चिमूटभर मसाला कुठला पडलाय, त्यावरून घर ओळखायचं."

हीच नजर ते माणसांवरही लावायचे. गणपतीत लखनौतली मराठी घरं एकत्र जमायची. सर कोपऱ्यात खुर्ची टाकून नुसते कान देऊन बसायचे. एखादी नवी बाई म्हणायची, "आज सब्जी काय करावी सुचेना." की सर लगेच, "तुम्हाला इथे येऊन चार-पाच वर्षं झाली. पण मूळच्या सोलापूरच्या." बाई चाट! खरंच तशा असायच्या. मी विचारलं, कसं ओळखता? म्हणाले, "मोठे शब्द सगळेच सारखे बोलतात. बारीक शब्द पकडायचे. 'अच्छा', 'यार' हे वाटेत उचललेलं. ते बाजूला केलं की खालचं गाव दिसतं." माझी मुलगी शाळेत जाऊ लागली आणि मराठीत विचारलेल्याला खुशाल हिंदीत उत्तर द्यायला लागली. मला वाईट वाटायचं. सर मात्र जाम खूश. "हिने तर वर येताना अख्खा डोंगर खाल्लाय," म्हणायचे, आणि तिला खिशातली लिमलेटची गोळी द्यायचे.

पण प्रयोगशाळेत हा माणूस वेगळाच. तिथे ते सोवळ्यातल्या आजीबाईंच्या वरताण. कारण दगडात शिसं कणभर आणि बाहेर बघावं तर जिथे तिथे शिसं! पेट्रोलच्या धुरात शिसं, रंगात शिसं, सुरम्यात शिसं. सर कधी हज़रतगंजमधून जायचे नाहीत. मोटारींचा धूर अंगाला लागतो म्हणून गल्ल्यागल्ल्यांतून सायकल काढत, नाकाला रुमाल बांधून यायचे. गल्लीतल्या लोकांना वाटायचं, यांना क्षय झालाय. आमच्याकडे कानपूरची एक नवी लग्न झालेली मुलगी आली, भांगात ठसठशीत सिंदूर भरून. सिंदुरात शिसं! आता तिला काय सांगणार? मला वाटलं, होणार आता रडारड. सरांनी दुसऱ्या दिवशी आंघोळीच्या वेळी घालतात तशा प्लास्टिकच्या टोप्या आणल्या आणि पहिली स्वतःच्या टकलावर चढवली. "आजसे सब पहनेंगे," म्हणाले. त्या मुलीला शेवटपर्यंत कळलं नाही की टोप्या कुणासाठी आल्या. आमचे मदतनीस पांडेजी, त्यांचं पान सरांनी दाराबाहेर थांबवलं. पांडेजी चूळ भरून आत येताना रोज म्हणायचे, "साहब, बिना पान के दिमाग़ नहीं चलता." सर म्हणायचे, "चलाना मशीन है, दिमाग़ नहीं."

आणि या सगळ्याच्या वर कोरा. कोरा म्हणजे काय, तर दगड विरघळवण्यापासून मोजण्यापर्यंत जे जे करायचं ते सगळं एकदा दगड न घालता करायचं. तीच भांडी, तेच आम्ल, तेच हात. शेवटी जे शिसं सापडेल ते दगडाचं नाही, आपलं. ते दगडाच्या आकड्यातून वजा करायचं. आणि फारच निघालं, तर दगडाचा आकडाच फेकून द्यायचा. कोऱ्याशिवाय आकडा सर कागदावर उतरवूसुद्धा देत नसत.

एकदा माझ्या सासूबाई महिनाभर राहून गेल्या. त्या गेल्यावर मी सरांपुढे त्यांच्या कागाळ्यांचं गाठोडंच सोडलं. सर हातातला चिमटा तसाच धरून शांतपणे ऐकत होते. माझं सगळं बोलून झाल्यावर म्हणाले, "कोरा काढलात का?"

"म्हणजे?"

"सासूबाई नसताना तुमची चिडचिड किती असते ते आधी मोजा. ती वजा करा. उरेल ती सासूबाईंची."

असा संताप आला मला! घरी जाऊन सांगितलं तर नवरा हसून हसून आडवा झाला. "थोर माणूस आहे," म्हणाला. आता यात थोर काय, सांगा!

तर आता त्या हिवाळ्याची गोष्ट. त्याच्या आधीच्या पावसाळ्यात काकूंना, म्हणजे सरांच्या बायकोला, अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, पाय ओढत चालणं राहिलं. मुलगा दूर परदेशात. सर चार आठवडे रजेवर होते, मग परत आले आणि जसं काही झालंच नाही असे कामाला लागले. कुणी विचारलं तर "बरी आहे" एवढंच. मी मधूनमधून काकूंना भेटून यायचे. त्या खिडकीशी वेताच्या खुर्चीत बसलेल्या असायच्या. दारात रांगोळी असायची, ती मोलकरीण काढत असेल असं मी धरून चालले होते.

सर पुढच्या उन्हाळ्यात निवृत्त होणार होते. गेली कितीतरी वर्षं ते एकच गोष्ट सांगत होते, की घाटातल्या तळाच्या थरांनी वर येताना जुना खडक खाल्लेला आहे. आकडे मात्र 'असेल, नसेल' असेच यायचे. परिषदांमध्ये लोक समोर मान हलवायचे आणि चहाच्या वेळी हसायचे. हैदराबादला मोठी परिषद भरणार होती, सरांची शेवटची. आणि डिसेंबरात बारा नंबरच्या थराचा आकडा आला. काय सांगू तुम्हाला! शिसं थेट जुन्या खडकाचं. शंकेला जागाच नाही. सर मशीनसमोरच्या स्टुलावर बसूनच राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी चौकातून मलई-मक्खन घेऊन आले, मातीच्या कुल्हडांत भरून, सगळ्यांसाठी. तो केशरी फेस ओठांना लागलेला, आणि सर हसताहेत, हे मी पहिल्यांदाच बघत होते. माझा पीएच.डी.चा प्रबंधही त्याच आकड्यावर उभा राहणार होता, त्यामुळे मीही हवेत.

राहिला होता बारा नंबरचा कोरा. तो मशीनवर चढवला आणि लाइट गेली. सगळ्या मोहल्ल्याची. कोरा वाया गेला.

डायरेक्टरसाहेब म्हणाले, "अरे भई, पिछले महीने वाला लगा दीजिए. कौन पूछ रहा है?" सर म्हणाले, "साहब, जो पिछले महीने नहाया था, वो आज साफ़ है क्या?" आणि परत पहिल्यापासून कोरा करायला घेतला.

तो आला, आणि सगळ्यांची तोंडं उतरली. कोऱ्यात शिसंच शिसं. तेही अगदी बारा नंबरसारखं, फार जुन्या खडकातलं. म्हणजे बारा नंबरच्या दगडात जे सापडलं ते दगडाचं होतं की आमचं, काही सांगता येईना. परिषद दीड महिन्यावर.

मग जो शोध सुरू झाला म्हणता! आम्लाच्या बाटल्या बदलल्या. भांडी उकळली. पांडेजींच्या शर्टावरचे पानाचे डाग तपासले, तेव्हा पांडेजी भडकले. "साहब, हम गंगाजल भी ले आएँगे तो आप उसमें सीसा निकालेंगे." माझं काजळ तपासलं. कानपूरच्या मुलीची टोपी तपासली. कुठेच काही नाही. सर खंगत चालले होते. शेवटी एक दिवस म्हणाले, "सगळे झाले. आता मीच राहिलोय. उद्या मी येत नाही. तुम्ही कोरा काढा."

ते आले नाहीत. कोरा स्वच्छ निघाला. मग ते आले, आणि कशालाही हात न लावता नुसते टेबलाशी उभे राहिले. कोरा घाण. परत एकदा तेच करून बघितलं, परत तेच. मला बाई आकडा सांगायचा धीर होईना. सरांनी माझ्या खांद्यावरून वाकून तो वाचला आणि म्हणाले, "सापडलं! घाण मीच आहे." आणि खरं सांगते, त्यांच्या आवाजात आनंद होता. तीस वर्षं लोकांच्या बांगड्या उतरवणारा माणूस, आणि स्वतःच गुन्हेगार निघाल्यावर आनंद!

"आता घर तपासायला हवं," ते म्हणाले. "पण ते मी नको. मी त्यातच राहतो, मला काही दिसायचं नाही. रविवारी सकाळी तुम्ही या. किती वाजता ते मला सांगू नका."

मी बरीच लवकर गेले. धुकं एवढं, की फाटक हाताला लागलं तेव्हा दिसलं. आतून काकूंचा आवाज येत होता. खणखणीत, चिडलेला. "अहो, पिवळं कमी! किती ओतताय? ते कमळ आहे की कोबी?"

मी आवाजाच्या रोखाने चार पावलं आत जाऊन थांबले. दारात पाटावर सर बसले होते. पूर्ण बाह्यांचा स्वेटर, कानाला मफलर, जीभ जराशी बाहेर, आणि चिमटीतून रांगोळी सोडत होते. काकू वेताच्या खुर्चीत शाल लपेटून बसलेल्या, डाव्या हाताने बोट दाखवत होत्या. पांढरी रांगोळी गावाहून दगडांच्याच ट्रंकेतून यायची, रंग अमीनाबादच्या बाजारातून. सर एक पाकळी भरायचे, मागे सरून बघायचे आणि हात स्वेटरच्या बाहीला पुसायचे. बाहीची कड पिवळीधमक झालेली. संस्थेतही हाच स्वेटर, पण वरून एप्रन, म्हणून ती कड कधी कुणाला दिसली नव्हती.

सरांनी मला बघितलं. मी कुठे बघतेय ते बघितलं. मग स्वतःच्या बाहीकडे बघितलं आणि बघतच राहिले. बाजारच्या त्या पिवळ्या रंगात शिसं असतं, तेही खाणीतल्या फार जुन्या खडकातून काढलेलं, हे लहान पोरालाही आमच्या प्रयोगशाळेत पाठ होतं. रोज कोपरापर्यंत हात धुवायचा हा माणूस, पण धुताना बाह्या वर आणि धुवून झालं की बाह्या खाली. उन्हाळ्यात अर्ध्या बाह्यांचा शर्ट असता तर काही झालंही नसतं.

"काय झालं?" काकूंनी विचारलं. "पाकळी चुकली?"

"नाही," सर म्हणाले. "अगदी बरोबर आली."

फाटकापर्यंत पोचवायला ते माझ्याबरोबर आले आणि हळू आवाजात म्हणाले, "तिला कळता कामा नये. झटका आल्यापासून ती उठायलाच तयार नव्हती हो. भिंतीकडे तोंड करून पडायची. जेव म्हटलं तरी नको. मला काही सुचेना. एक दिवस दारात रांगोळी काढायला बसलो. इतकी भिकार काढली, इतकी भिकार, की मला ओरडायला म्हणून ती उठून बसली. तेव्हापासून रोज उठते. हिला जर कळलं की या रांगोळीने बारा नंबर गेला, तर उद्यापासून बंद. मग ती परत भिंतीकडे वळेल."

धुक्यात घरी चालत आले आणि नवऱ्याजवळ बसून रडले.

दुसऱ्या दिवशी सरांनी आपला चिमटा माझ्या हातात दिला. त्या चिमट्याला त्यांनी आजवर कुणाला हात लावू दिला नव्हता. "बारा नंबर तुम्ही करायचा, पहिल्यापासून. माझा भरवसा नाही, केसांत, कानांत कुठे कुठे गेलं असेल. मी या काचेच्या भिंतीच्या अलीकडे येणार नाही." आणि खरंच, काचेबाहेर स्टूल टाकून ते रोज बसायचे. माझा हात जरा चुकला की बाहेरून हवेत बोटं हलवायचे. एकदा त्यांना तसं बघून माझे डोळे भरून आले. सर काचेतून ओरडले, "अहो, काजळ नाही ना घातलंय? नुसतं मीठ असेल तर चालेल!"

आकडा आला. कोराही आला, लख्ख. बारा नंबरचं शिसं साधं, सरळ, खोलातलं निघालं. वाटेत काहीही न उचलता तो लाव्हा थेट वर आला होता. सरांचं इतक्या वर्षांचं म्हणणं त्या थरापुरतं तरी संपलं. मी कागद काचेला लावून धरला. सरांनी वाचला, चष्मा पुसून परत वाचला, आणि मान डोलावली.

मला वाटलं, आता हैदराबादला जाणार नाहीत. डायरेक्टरसाहेबांनीही तेच सुचवलं. पण सर गेले. मीही होते मागच्या रांगेत. व्यासपीठावर उभे राहून ते इंग्रजीत म्हणाले, की या थराने वाटेत जुना खडक खाल्ला असं आपण इतकी वर्षं सांगत आलो, ते खरं नाही. जुनं शिसं सापडलं ते लेखकाच्या बाहीतलं होतं. लोक हसले. सर थांबले, हसणं संपू दिलं आणि पुढे अर्धा तास कोरा कसा काढावा हेच सांगत राहिले. मग मात्र कुणी हसलं नाही. मला त्या माणसाचा इतका अभिमान वाटला, की शेजारी बसलेल्या अनोळखी गृहस्थांना मी उगीचच सांगितलं, "ते आमचे सर आहेत."

सर निवृत्त झाले, पण लखनौतच राहिले. काकूंना एवढा प्रवास झेपला नसता. माझा प्रबंध दुसऱ्या थरांवर झाला, आणि मग आमची बदली निघाली. निघण्याआधी निरोप घ्यायला गेले, तर सर दूध आणायला गेलेले. काकूंनी मला जवळ बसवलं. इकडचं तिकडचं बोलणं झालं, आणि एकदम म्हणाल्या, "अगं, हल्ली पिवळ्याच्या जागी हळद वापरतात ते."

सर येताहेत का ते मी दाराकडे वळून बघितलं.

"त्यांना वाटतं, मला कळत नाही. जन्मभर स्वयंपाक केलाय मी, हळद ओळखू येणार नाही होय मला? स्वेटरही बदलून जायचे संस्थेत. म्हटलं, काहीतरी झालंय या पिवळ्यापायी." त्यांनी माझा हात धरला. "मी विचारलं नाही. विचारलं तर त्यांना सांगावं लागेल, आणि मग मला ही रांगोळी सोसवणार नाही. सोडली तर ते सकाळी करतील काय? मी पडल्यावर त्यांचंही जेवण सुटलं होतं. ही रांगोळी सुरू झाली तेव्हा कुठे दोन घास खायला लागले. तू खरं सांग, फार काही गेलं का गं त्यांचं?"

"एक आकडा गेला, काकू," मी म्हटलं. "तो चुकीचाच होता."

"मग जाऊ दे," काकू म्हणाल्या, आणि पदराने डोळे पुसून हसल्या. "जाताना दारात बघ. आज कमळ कमळासारखं आलंय की नाही?"

मी उंबऱ्याशी वाकून नीट बघितलं. कोबीच होता.

"हो काकू," मी म्हटलं. "कमळच आहे."